पहिली मोटार : आधी वर्ष पाहावे, मग आकार

वाहनविषयक प्रश्नोत्तरे

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी अ‍ॅव्हरेज आणि टायर यांविषयी विचारणारे वाचक मुलामुलींसाठी पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी, असे विचारू लागतात. या वेळी फैजपूर, शिरपूर, नवापूर, चाळीसगाव आणि धुळे येथील पत्रांना उत्तरे देत आहे. फैजपूरच्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला पेच कमीअधिक फरकाने पुष्कळ घरांत आहे.

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच १८ वर्षांची झाली असून तिला बांभोरी येथे अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा फैजपूरहून भुसावळ-जळगावमार्गे तिचे जाणे-येणे राहील. गाडीसाठी चार लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. माझे मेहुणे त्यांची २०१२ सालची डिझेल एसयूव्ही दोन लाख ऐंशी हजारांत देण्यास तयार आहेत आणि घरातील सर्वांचे मत असे की जड गाडी पोरीसाठी अधिक सुरक्षित. माझा कल छोट्या पेट्रोल गाडीकडे आहे. कोणती घ्यावी आणि जुनी गाडी पारखावी कशी? (एक केळी उत्पादक, फैजपूर, ता. यावल)

उत्तर : मेहुण्यांना आदरपूर्वक नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरच्यांची काळजी रास्त आहे आणि जड वाहनाविषयीचा त्यांचा समज सर्वस्वी चुकीचाही नाही. दोन वाहनांची समोरासमोर टक्कर झाली तर जड वाहनातील माणसांना वजनाचा फायदा मिळतो. परंतु नवशिक्या चालकाच्या हातून होणारे अपघात पुष्कळदा वेगळ्या प्रकारचे असतात. वळणावर वेग आवरत नाही, समोर अचानक बैल किंवा दुचाकी आल्यावर ब्रेक जोरात दाबला जातो आणि गाडी भरकटून कडेच्या झाडावर किंवा नादुरुस्त होऊन थांबलेल्या ट्रॉलीवर आदळते. अशा वेळी वजन मदतीला येत नाही, उलट जड गाडी थांबवणे आणि सावरणे नव्या हाताला अवघड जाते. उंच गाडीचा तोल वरच्या बाजूला असल्यामुळे स्टिअरिंग झटक्याने फिरवल्यास ती उलटण्याची शक्यताही अधिक असते. यात भर म्हणजे २०१२ च्या सुमारास अशा गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये एबीएस (ब्रेक जोरात दाबल्यावर चाके आवळू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग बहुधा नसत, आणि ज्या गाड्यांना मागे आडव्या बाकांची आसने आहेत तेथे मैत्रिणी बसल्या तर त्यांना बांधायला पट्टाही नसतो.

म्हणून पहिली गाडी निवडताना मी आकाराआधी तिचे वर्ष विचारतो. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पुढील दोन्ही आसनांच्या पट्ट्यांची आठवण करून देणारा आवाज, ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर मिळणारा इशारा आणि मागे घेताना उपयोगी पडणारे सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या आसनासमोरची एअरबॅग मात्र सर्व गाड्यांत १ जानेवारी २०२२ पासून आली. यातले एबीएस आपल्या भागात किती मोलाचे आहे, हे मृगाच्या पहिल्या सरीनंतर महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. चार महिन्यांची धूळ आणि सांडलेले डिझेल पाण्यात कालवून रस्ता निसरडा झालेला असतो, त्यावर घाबरून ब्रेक दाबला की चाके जागच्या जागी आवळली जातात आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच घसरत जाते. एबीएस चाके आवळू देत नाही, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. मुलीसाठी जुलै २०१९ नंतर तयार झालेली गाडी ही किमान अट समजा आणि पैसे पुरत असतील तर २०२२ किंवा त्यानंतरची पाहा. येथे नोंदणीचा महिना नव्हे, तर उत्पादनाचा महिना पाहावा. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन्ही छापलेले असतात आणि त्यांत कधी कधी सहा-सहा महिन्यांचे अंतर असते.

मॉडेलविषयी बोलायचे तर मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचण्यांचे निकाल उपयोगी पडतात. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. त्या निकषावर पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय मोटार होती. जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार तारे मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये टोयोटा इटिऑस लिव्हाला चार तारे मिळाले होते. स्विफ्ट (२०१८) आणि वॅगन-आर (२०१९) यांना दोनच तारे मिळाले. हे निकाल त्या-त्या वेळी तपासलेल्या व्हेरियंटपुरते असतात, हे मात्र विसरू नये. दुसऱ्या बाजूला, मारुतीचे सुटे भाग सावदा-फैजपूरच्या दुकानांतही मिळतात आणि त्यांचे इंजिन गावातला मिस्त्री डोळे मिटून उघडतो, ही गोष्टही क्षुल्लक नाही. रस्त्यात बंद पडून रात्री मुलीला एकटीला थांबावे लागणे हासुद्धा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. हे सारे तोलून मी आपल्याला २०२० नंतरची पेट्रोल टियागो प्रथम पाहण्यास सांगेन. तशी चांगली गाडी मिळाली नाही आणि एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली वॅगन-आर किंवा स्विफ्ट समोर आली तर तीही घ्यावी. इटिऑस मजबूत आणि दीर्घायुषी, परंतु टॅक्सी म्हणून वापरलेल्या पुष्कळ आहेत. पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आलेली गाडी आरसीच्या नोंदींवरून ओळखता येते आणि ती टाळलेली बरी.

डिझेलच्या मोहात पडू नका. आपल्या मुलीचा प्रवास डिझेलचा जादा खर्च भरून निघेल इतका नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषणविषयक निकषाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग लांब आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि तिचा खर्च छोट्या गाडीला झेपणारा नसतो. पेट्रोल गाडीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी : एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांतील रबरी भाग २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. म्हणून इंधनाच्या नळ्या आणि त्यांचे सांधे मिस्त्रीला आवर्जून दाखवावेत.

आता पारख. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम बोनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर गाडी आधी सुरू करून ठेवली आहे आणि थंड इंजिनाची तक्रार तुमच्यापासून झाकली जात आहे, असे समजायला हरकत नाही. गाडी सुरू होताना एकाने मागे उभे राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) आत जळत असल्याची शंका घ्यावी. इंजिन थंड असताना ऑइलचे झाकण उघडून आतून पाहावे, तेथे सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेले असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर किल्ली अर्धी फिरवून, इंजिन सुरू न करता, मीटरकडे पाहावे. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटून तसाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, हे कोणालाही समजते. परंतु तो मुळीच पेटला नाही, तर ते अधिक गंभीर आहे. अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर नवी बसवण्याचा खर्च वाचवून वरचे आवरण तेवढे चिकटवायचे आणि बिंग फुटू नये म्हणून दिवाच काढून टाकायचा, असे प्रकार बाजारात होतात. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी असलेले लेबल वाचावे. त्यावर उत्पादनाची तारीख असते, आणि ती गाडीच्या उत्पादनानंतरची निघाली तर पट्टा बदलावा का लागला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. डिकीतील चटई आणि स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहावा, तेथे सुरकुत्या किंवा हाताने केलेले वेल्डिंग दिसले तर मागून मार बसलेला आहे. बोनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या मडगार्डांचे बोल्ट पाहावेत. त्यांच्यावरचा रंग तुटलेला असेल तर पान्हा लागलेला आहे. दरवाजा खरचटून केलेले डेंटिंग-पेंटिंग माफ करावे, पण खांब, छत आणि चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) यांना हात लागलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२१’ असे असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि डांबर त्याहूनही तापते, तेव्हा नक्षी शाबूत दिसणारा पण सहा वर्षांचा टायर बाजूने तडकलेला असतो. असे टायर असतील तर चारही नव्या टायरांची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. याच उन्हामुळे दुसरी फेरी भर दुपारी मारावी. एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटे जागेवर सुरू ठेवावी, तापमानाचा काटा किंवा दिवा पाहावा आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर चालू-बंद होतो का ते ऐकावे. सकाळी गुणी वाटणारी गाडी मे महिन्याच्या दुपारी आपले खरे रूप दाखवते.

चक्कर मारताना खडबडीत रस्ता मुद्दाम निवडावा, काचा खाली कराव्यात आणि रेडिओ बंद ठेवावा. मोकळ्या रस्त्यावर साधारण चाळीसच्या वेगाने ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. आणि आपल्या भागासाठी एक तपासणी मी कधीच वगळू देत नाही : अंधार पडल्यावर हेडलाइट लावून पाहणे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर हंगामात केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा काय, रिफ्लेक्टरही नसतो. हेडलाइटची काच पिवळी पडून प्रकाश निम्मा झालेला असेल, तर अशी ट्रॉली दिसेपर्यंत थांबायला जागा उरत नाही. काच पॉलिश करणे किंवा दिवा बदलणे हा फार मोठा खर्च नाही, तो पहिल्याच आठवड्यात करावा.

मीटर मागे फिरवणे हा जुना धंदा आहे. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लचच्या पायडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, स्टिअरिंगवरचा दाणा उडालेला असेल आणि चालकाचे आसन एका बाजूला दबलेले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंद विक्रेत्याकडून मागून घ्यावी, प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर त्यात लिहिलेले असतात. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर घेऊन बरोबर न्यावे आणि त्याचे पैसे आपणच द्यावेत. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री नको. आदल्या दिवशी दोष पुसून टाकलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनरवर दिसते.

चार लाख हाताशी असतील तर गाडी साडेतीन लाखांपर्यंतचीच पाहावी. उरलेले पैसे टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेकचे लायनर, विमा आणि नाव बदलणे यांत जातात. ते आधी बाजूला काढले नाहीत तर हीच कामे ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांच्या भावालाही त्याचा धक्का बसला. कोणी आधीचे भाव सांगत असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत प्रथम विचारून घ्यावी.

गाडी कोणाच्या नावावर घ्यावी, हे आपण विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक वाटते. विम्यासोबत मिळणारे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच लागू होते. गाडी आपल्या नावावर आणि चालवणार मुलगी, अशा व्यवस्थेत त्या संरक्षणाचा तिला काहीच उपयोग नाही. एकतर गाडी तिच्या नावावर करावी किंवा तिच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. कष्टाच्या पैशातून मुलीला शिकवणाऱ्या बापाने एवढी एक गोष्ट एजंटवर सोपवू नये.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. तो १८ वर्षांचा होण्यास अजून आठ महिने आहेत, परंतु त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे की जुनी गाडी आताच घेऊन ठेवावी, शेताच्या रस्त्यावर हात बसेल, आणि परवाना नंतर काढू. मला हे पटत नाही. (एक आई, शिरपूर)

उत्तर : ताई, आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. मोटार चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवान्यासाठीही तीच अट आहे. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा असतो. ज्या रस्त्यावर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे तो कायद्याने सार्वजनिक रस्ताच, मग तो शिवारातला कच्चा रस्ता का असेना. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी आहे. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दुर्दैवाने कोणाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्या रकमेपुढे शेताचा तुकडा विकण्याची वेळ येऊ शकते, हे त्याच्या वडिलांना शांतपणे सांगावे.

व्यवहार म्हणूनही आताच्या खरेदीत फायदा नाही. आठ महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बसते, टायर एका जागी दबतात, गोठ्याशेजारी किंवा खळ्यात उभी असेल तर उंदीर वायरिंग कुरतडतात आणि विम्याचे बहुतेक वर्ष फुकट जाते. त्याऐवजी हे महिने मुलाला बरोबर घेऊन गाड्या पाहण्यात घालवावेत. फैजपूरच्या उत्तरात सांगितलेल्या तपासण्या त्याला स्वतःच्या हाताने करू द्याव्यात. १८ पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा, तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्या काळात गाडीला पुढे-मागे ‘एल’ लावून आणि शेजारी वैध परवानाधारक बसवूनच गाडी चालवायची असते. शेजारी वडील बसले तर उत्तम, आणि त्या वेळी त्यांनी रागावू नये, अशी माझी त्यांना विनंती आहे.

प्रश्न : मी स्वतः १९ वर्षांचा विद्यार्थी आहे, परवाना आहे. सुरतेहून सीएनजी बसवलेली २०१८ ची गाडी नंदुरबार जिल्ह्यातील भावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. एजंट म्हणतो, ‘टीटी (नाव बदलण्याच्या) फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा, गुजरात पासिंगवरच फिरवा, सीमेवर राहणारे सगळे असेच करतात.’ (एक वाचक, नवापूर)

उत्तर : सगळे करतात म्हणून ते पचतेच असे नाही. खरेदी केल्यापासून ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. नवापुरात कायम राहणारी गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ गुजरातच्या क्रमांकावर ठेवता येत नाही. त्यासाठी सुरतेच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणावा लागतो, नंदुरबारला नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. दहा लाखांच्या आतील नव्या पेट्रोल गाडीला हा कर ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो. गुजरातेत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी आधीच्या मालकाची मदत लागू शकते आणि हेलपाटेही पडतात. हा सारा खर्च मिळवून मग भावाची तुलना करावी. पुष्कळदा स्वस्ताई तेथेच संपते.

नाव न बदलता गाडी वापरण्यात खरा धोका विम्याचा आहे. गाडी हस्तांतरित झाल्यावर विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून नवा हप्ता थोडा वाढतो हेही धरून चालावे. विकणाऱ्यालाही यात सुटका नाही : आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ही गोष्ट सुरतेच्या मालकाला सांगून पाहावी, नाव बदलण्याची घाई तोच करू लागेल.

सीएनजीचा उल्लेख आरसीवर आहे का ते पाहावे. नसेल तर ते किट बेकायदा आहे आणि विम्यालाही अडचण. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख सिलिंडरवरच्या पाटीवर असते. समुद्राजवळच्या गाडीचा तळ लिफ्टवर उचलून पाहावा, कारण खारट हवेतला गंज दरवाज्यांच्या खालच्या कडांतून आणि तळातून सुरू होतो. चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घेऊन आरसीशी पडताळावी. परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर कर्जाचा बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत दिसते, ई-चलने वेगळी तपासावीत. कर्ज फिटले असेल तर बँकेचा दाखला आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. पैसे बँकेतूनच द्यावेत, एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओचे अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. या एजंटकडे ते आहे का, हे विचारून त्याचा चेहरा पाहावा.

प्रश्न : भावाच्या मानाने फारच स्वस्त अशी २०१९ ची एक गाडी मुलासाठी पाहिली. आतून वास येतो आणि आसनांची आवरणे कोरी आहेत. पुरातली असेल का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : ३१ ऑगस्ट २०२१ चा तितूर-डोंगरीचा पूर आपण पाहिलेला आहे, तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सुगंध मारून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते, म्हणून चाळीसगावची गाडी धुळ्यात आणि सुरत-वडोदऱ्याची चाळीसगावात येऊ शकते. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावेत. पाणी जेथपर्यंत चढले तेथे पट्ट्यावर मातकट रेघ राहते आणि ती सहसा निघत नाही. आसनांच्या रुळांवर आणि त्यांच्या खालच्या स्प्रिंगांवर गंज, गालिच्याखाली वाळलेला बारीक गाळ, टेललाइटच्या आत धुके किंवा मातीचा थर, या खुणा पाहाव्यात. विक्रेत्याकडून विम्याच्या दाव्यांची नोंद मागावी. यातील दोन खुणा जरी मिळाल्या तरी सौदा मोडावा. पुराच्या पाण्याने वायरिंगच्या जोडांत धरलेला गंज वर्ष-दोन वर्षांनी काम दाखवतो, आणि एअरबॅग व एबीएसच्या वायरी त्याच तळातून जातात.

प्रश्न : मुलीला क्लचचा त्रास नको म्हणून जुनी एएमटी (क्लचचे पायडल नसलेली, स्वतःच गिअर बदलणारी) गाडी घ्यावी का? धुळ्याहून तिला अधूनमधून कन्नड घाट ओलांडून छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल. (एक वाचक, देवपूर, धुळे)

उत्तर : घेण्यास हरकत नाही. गर्दीत आणि घाटात नव्या चालकाचे निम्मे लक्ष क्लचवर असते, ते रस्त्यावर राहील. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. चढावर थांबून पुन्हा निघताना काही जुन्या एएमटी गाड्या मागे घरंगळतात, म्हणून हँडब्रेक लावून, अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून मग हँडब्रेक सोडण्याची सवय तिला आधी लळिंगच्या चढावर, शेजारी बसून, लावून द्यावी. दुसरे म्हणजे एएमटीत क्लच नसतो असे नाही. तो आत असतो, झिजतो आणि तो बदलण्याचे काम सर्वच मिस्त्रींना जमत नाही. गिअर बदलताना धक्के बसत असतील किंवा चढावर जळका वास येत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून क्लच आणि तो हलवणारा अ‍ॅक्च्युएटर यांचा अंदाजखर्च लेखी घ्यावा आणि तो कागद पुढे ठेवूनच भाव ठरवावा.